अजून दाताखाली येतंय

तात्यांनी मीठ सोडलं तेव्हा अख्ख्या गल्लीनं त्यांचं कौतुक केलं. मी सोडून. कारण सोडलं त्यांनी, आणि ते निभवायचं सगळं माझ्या गळ्यात पडलं.

तात्या म्हणजे माझे वडील. चाळीस वर्षं मास्तरकी, त्यातली शेवटची अकरा हेडमास्तर. निवृत्त झाले तरी घरातली घंटा त्यांच्याच हातात होती. आई जाऊन सहा वर्षं झालेली, भावंडं नाहीत, माझं लग्न झालं नाही. मंगळवार पेठेतल्या तीन खोल्यांत आम्ही दोघंच. मी दिवसभर मुलींच्या शाळेत बाई असायची आणि घरी आले की पहिल्या बाकावरची विद्यार्थिनी. घरात 'हाय-न्हाय' बोललं तरी तात्या वाक्य दुरुस्त करून पुन्हा म्हणायला लावत.

त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात त्यांचे पाय सुजायला लागले. ब्लडप्रेशर निघालं. डॉक्टरांच्या गोळ्या त्यांनी आठ दिवस घेतल्या, मग कुणीतरी पुण्याच्या पलीकडच्या एका निसर्गोपचार आश्रमाचं नाव सांगितलं. तिथं एकवीस दिवस राहून तात्या परत आले ते सूज उतरवून आणि एक तक्ता घेऊन. मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेला तो तक्ता त्यांनी स्वयंपाकघरात डकवला. मीठ नाही. साखर नाही, गूळ नाही. तेल, तूप, दूध नाही. विस्तवावर चढलेलं काहीही नाही. मग राहिलं काय? फळं, पालेभाज्या, मोड आलेले मूग-मटकी, आणि अंगात ताकद राहावी म्हणून रोज वाटीभर 'दाण्याचं लोणी'.

लोणी म्हणे! हे लोणी गोकुळात शिंक्यावर ठेवलं असतं तर एकाही पोरानं चोरलं नसतं.

भाजलेला दाणा पाट्यावर घेतला की पटकन तेल सोडतो, हे कुठल्याही बाईला माहीत असतं. पण भाजायचं नाही. कच्चा दाणा तेल सोडत नाही, नुसता वरवंट्याला चिकटतो. म्हणून लाल सालीचे बारके दाणे निवडायचे. एकही खवट राहता कामा नये, कारण एक खवट दाणा सगळं वाटण नासवतो. मग आठ तास भिजत घालायचे, चोळून सालं काढायची, फडक्यावर सावलीत सुकवायचे आणि तासभर उन्हात ताटात ठेवायचे. सूर्याची आच चालते, चुलीची चालत नाही, असं तक्त्यात लिहिलं होतं. एवढं सगळं आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून सव्वा तास पाट्यावर. पाण्याचा थेंब घालायचा नाही. मनगटापासून खांद्यापर्यंत हात भरून यायचा आणि मग तसाच शाळेत जाऊन फळ्यावर वर करायचा.

साडेसहाला तात्या पाटावर बसत. बोटावर लोणी घेत, डोळे मिटून जिभेवर फिरवत, जणू माझा पेपरच तपासतायत. मग डोळे उघडून म्हणत, "अजून दाताखाली येतंय."

अकरा महिने. रोज. एक दिवस चुकला नाही.

खोटं कशाला बोलू, गुण आला होता. पाय बारीक झाले, चेहरा तजेलदार झाला, पासष्टीचा माणूस सकाळी अंगणात पंचवीस सूर्यनमस्कार घालायला लागला. लोक बघायला यायचे. त्यामुळं माझं तोंड बंद. मी ते लोणी कधी चाखलंही नाही, कारण मी मीठ खाणारी, माझं बोट लागलं तर म्हणे उष्टं होतं. वाटणारे हात तेवढे चालत होते.

चौऱ्याहत्तरच्या एप्रिलात जयसिंगपूरहून पत्र आलं. तिथल्या एका मुलींच्या शाळेला मुख्याध्यापिका हवी होती. शाळेला लागूनच वसतिगृह, त्याचीही देखरेख करायची, म्हणून राहणं तिथंच. दहा जूनला हजर व्हायचं. पत्र मी दोनदा वाचलं. दोन वर्षांपूर्वी हातकणंगल्याहून असंच बोलावणं आलं होतं. त्या आठवड्यात तात्यांना तीनदा चक्कर आली आणि मी नकार कळवला. आता मी अडतीस वर्षांची होते. तिसऱ्यांदा मला कोण बोलावणार होतं?

पत्र तात्यांच्या हातात दिलं. त्यांनी पेन्सिल घेऊन त्यातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुकांखाली रेघा मारल्या आणि परत दिलं.

"जा की," ते म्हणाले. "मी कोण अडवणारा? फक्त माझ्या लोण्याची व्यवस्था करून जा."

मी वेडी, मला वाटलं सुटले. आमच्याकडे धोंडुबाई भांडी घासायला यायची. पन्नाशीची, दंडानं माझ्या दुप्पट. तिला मी पाट्यावर बसवलं. दाणा कसा निवडायचा, कितपत सुकवायचा, सगळं शिकवलं. आठवड्यात तिचं लोणी माझ्यापेक्षा सरस व्हायला लागलं. तात्यांनी ते दोन दिवस खाल्लं आणि तिसऱ्या दिवशी वाटी सरकवली.

"दाण्यानं पित्त होतंय मला. तिळाचं कर."

अकरा महिने झालं नव्हतं ते पित्त धोंडुबाईच्या हाताला दोन दिवसांत झालं! मी पांढरे तीळ आणले. तीळ कच्चे वाटले की कडसर लागतात, म्हणून भिजवून, चोळून, टरफलं काढून घ्यायचे. दाण्याच्या सालीसारखं हे टरफल मोठं नसतं, धुळीसारखं असतं. धोंडुबाईनं तेही पाच दिवसांत आत्मसात केलं. तात्या म्हणाले, तीळ उष्ण, उन्हाळ्यात नको. काजू आणले, आजऱ्याकडचे. काजू बिचारा गरीब, अर्ध्या तासात मऊ होतो. धोंडुबाईनं पहिल्याच दिवशी करून दाखवलं, तर तात्यांना तो जड पडला. शाळेतल्या एका बाईंकडं नवा मिक्सर आला होता, तो मी मागून आणला. तात्यांनी बटणालासुद्धा हात लावू दिला नाही. विजेच्या उष्णतेनं अन्नातला प्राण जातो म्हणे.

"मग आता काय चालेल?" मी विचारलं.

"बदाम," तात्या म्हणाले. "आणि ते तू वाट. धोंडुबाईचा हात जड आहे."

धोंडुबाई मोरीपाशी उभी होती. तात्या बाहेरच्या खोलीत गेले तशी ती माझ्या अंगावर खेकसलीच. "बाई, शिकलेल्या न्हवं तुमी? आवो, त्यास्नी दाणं पचंना झाल्यात आसं न्हाय. तुमी जाताय त्ये पचंना झालंय. उद्या मोती वाटून घातलं तरी दाताखाली येनारच की!"

मला हे कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, पण कुणी बोललं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा मला तात्यांचा खराखुरा राग आला. पोटातून आला. आणि रागात मी ठरवलं की बदामाचं असं लोणी करून द्यायचं की बोलायला जागा राहू नये.

बदाम पाट्यावरून घसरायला लागले. अकरा महिन्यांच्या घासण्यानं पाटा गुळगुळीत झाला होता. गल्लीत टाकीवाली आली तिला हाक मारली आणि पाट्याला टाकी लावून घेतली. छिन्नीनं तिनं सगळ्या पाट्यावर बारीक खाचा पाडून दिल्या. आता टाकी लावली की पाट्यावर आधी खडेमीठ आणि मूठभर तांदूळ भरडून टाकायचे असतात, म्हणजे दगडाची सगळी कच निघून जाते. आईनं मला लहानपणीच शिकवलं होतं. मी खडेमिठाच्या बरणीला हात घातला आणि थांबले. त्या पाट्याला मीठ लावायचं नाही अशी तात्यांची सक्त ताकीद. अकरा महिने मी ती पाळली होती. नसतं भांडण नको म्हणून पाटा नुसता तीनदा पाण्यानं धुतला आणि बदाम वाटले.

सकाळी तात्यांनी बोट जिभेवर ठेवलं, दात मिटले, आणि कर्रकन आवाज आला. तो मलाही ऐकू आला. तात्यांच्या दाढेचा टवका त्यांच्या तळहातावर पडला.

"दगड!" ते ओरडले. "दगड चारतेस मला! वाटच बघतेस ना माझ्या मरणाची? मेलो की सुटलीस, जा मग जयसिंगपूरला!"

"मीठ लावू दिलं असतं तर कच निघाली असती!" मी पण ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. "तुमच्या तक्त्यानं तुमची दाढ पाडली, मी नाही!"

"बापाला उलटून बोलतेस?"

"आज बोलते. आधीच बोलायला हवं होतं!"

आणि मग आम्ही दोघं इतकं भांडलो की गल्लीतल्या बायका दारात आल्या. आईचं काढलं, हातकणंगल्याचं काढलं, माझ्या न झालेल्या लग्नाचं काढलं. तात्या शुद्ध भाषेत भांडत होते, मी अशुद्ध. शेवटी कुणीतरी दाराची कडी वाजवली.

दारात गैबी वस्ताद उभे होते. गल्लीच्या तोंडाला तालीम आहे, तिचे हे वस्ताद. कान मोडलेले, मान खांद्यात बुडालेली, वय तात्यांएवढंच. त्यांचं नि तात्यांचं बोलणं नव्हतं. पहाटे पैलवान शड्डू ठोकतात, त्यानं झोपमोड होते म्हणून तात्यांनी नगरपालिकेत दोन अर्ज दिले होते.

"मास्तर," वस्ताद म्हणाले, "आमच्या तालमीचा आवाज तुमच्या घरात येतोय म्हणून दोनदा अर्ज केलासा. आज तुमच्या घरचा आवाज तालमीत आलाय. आता म्या कुटं अर्ज करू?"

मला एकदम सुचलं. तालमीत रोज पैलवानांच्या थंडाईसाठी बदाम घोटतात, दगडी कुंडीत, कडुनिंबाच्या सोट्यानं. त्याला ना वीज लागते, ना विस्तव, ना मीठ.

"वस्ताद," मी म्हणाले, "तात्यांपुरतं वाटीभर बदाम रोज घोटून द्याल का?"

"घोटून न्हाय द्यायचं." त्यांनी मान हलवली. "आमच्या तालमीची रीत हाय. ज्यो पितो त्यो घोटतो. म्या वस्ताद, पर माझी कुंडी मीच घोटतो. दुसऱ्याच्या हातचं घोटल्यालं अंगाला लागत न्हाय. पायजे तर कुंडी देतो."

आणि खरंच पाच मिनिटांत ते खांद्यावर कुंडी आणि हातात सोटा घेऊन परत आले. तात्यांच्या पुढ्यात त्यांनी ती ठेवली. जमीन दणाणली.

"माझं वय बघा जरा," तात्या म्हणाले.

"तुमचं नि माझं एकच वय हाय."

"माझ्या हातात जोर राहिलेला नाही."

"सकाळी सूर्यनमस्कार किती घालतासा?"

उत्तर मी दिलं, "पंचवीस."

वस्ताद हसलेसुद्धा नाहीत. तात्यांकडं बघत सावकाश म्हणाले, "हात इसरत नसतोय मास्तर." त्या वाक्यानं तात्यांचा चेहरा असा उतरला की मला आश्चर्यच वाटलं. त्यांनी उठून वस्तादांना दार दाखवलं. "ते भांडं घेऊन चालते व्हा." वस्ताद गेले. भांडं ठेवून गेले.

त्या दिवशी एक जून होती. मी तात्यांना सांगितलं, उद्यापासून मी वाटणार नाही. अजून आठ दिवस मी आहे, आठ दिवस रोज वाटीभर बदाम भिजवून, सोलून कुंडीशेजारी ठेवीन. पुढचं तुमचं तुम्ही.

तात्यांनी अन्नत्याग जाहीर केला. अन्नत्याग म्हणजे केळी, पपई आणि मोड आलेले मूग चालू होते, पण लोणी नाही म्हणजे जेवण नाही, असा त्यांचा हिशेब. आल्यागेल्याला सांगायचे, लेक मला उपाशी मारते आहे. लोक माझ्याकडं बघायचे. शेजारच्या कुणीतरी "म्हातारपणी बापाला असं करू नये" असंही ऐकवलं. मी रोज बदाम ठेवत होते आणि धोंडुबाई रोज संध्याकाळी आंबलेले बदाम उचलून नेत होती. आम्ही बापलेक दोघंही हट्टाला पेटलो होतो. तात्या कुंडीला वळसा घालून चालायचे, जणू तिथं विंचू बसलाय.

मला भीती वाटत नव्हती असं नाही. रात्रंदिवस वाटत होती. पाय पुन्हा सुजतील, काहीतरी होईल, आणि जन्मभर मी बापाला मारलेली मुलगी राहीन. पण आता थांबले तर इथंच, या पाट्यावर म्हातारी होईन, ही भीती तिच्याहून मोठी होती.

नऊ तारखेला सकाळी मी ट्रंक बांधली. शेवटचे वाटीभर बदाम सोलून ठेवले. तात्या खिडकीकडं तोंड करून बसले होते. मी पाया पडले. त्यांनी पाय मागं घेतले.

"मी मेलो तर येऊ नकोस," ते म्हणाले.

"बरं," मी म्हणाले, आणि स्टेशनवर जाऊन मिरजेची गाडी पकडली.

शाळा चांगली होती. मुली द्वाड होत्या, शिक्षिका माझ्यावर टपून बसल्या होत्या, वसतिगृहाच्या हौदाला गळती होती. कामात दिवस जायचा. पण पोस्टमन फाटकातून आत आला की मी आधी त्याच्या हाताकडं बघायची. तार आली तर? मी तीन पत्रं टाकली. एकाचंही उत्तर नाही. जेवताना घास फिरायचा. मी कठोर बाई नाही. झाले होते तेवढ्यापुरती.

तिसऱ्या रविवारी दुपारी शिपाई सांगत आला की कुणीतरी पैलवान भेटायला आलाय. फाटकात गैबी वस्ताद उभे. मला वाटलं, संपलं.

"तात्या?" मी विचारलं.

"हाईत की. त्यास्नी काय धाड भरलीया?" वस्ताद म्हणाले. "शिरोळला लेकीकडं चाललोतो. मास्तरनं ह्ये दिलंय." पिशवीतून त्यांनी चिनी मातीची बरणी काढली. तोंडाला फडकं बांधलेलं. आमच्या घरची लोणच्याची बरणी होती ती, आईची.

व्हरांड्यात बसून मी फडकं सोडलं. आत बदामाचं लोणी. पांढरं, गुळगुळीत, वर तेलाची पातळ साय. बोट घालून मी पहिल्यांदा चाखलं. जिभेवर ठेवलं आणि विरघळून गेलं. कण नाही, कच नाही. अकरा महिन्यांत मला एकदाही असं साधलं नव्हतं. धोंडुबाईलाही नाही.

"कुणी घोटलं?"

"मास्तरनं. तू गेलीस त्याच दिवशी बसलं कुंडीवर. माझ्या डोळ्यांदेखत."

"तुम्ही शिकवलंत?"

"त्यास्नी शिकवायचं?" वस्ताद माझ्याकडं बघत राहिले. "पोरी, तुला ठावं न्हाय व्हय? सोळा वर्सांचं हुईस्तवर तुझा बा आमच्याच तालमीत हुता. आमी दोगं शेजारी बसून थंडाई घोटायचो. अख्ख्या तालमीत त्याच्यावानी हात न्हवता कुणाचा. मास्तर झाल्यावर तालमीचं नाव काढल्यालं त्यास्नी खपायचं न्हाय, म्हनून म्या कधी बोललो न्हाय."

मी बरणीकडं बघत बसले. म्हणजे अकरा महिने हा माणूस डोळे मिटून माझ्या वाटणाची परीक्षा घेत होता, तेव्हा त्याच्या स्वतःच्या हातात हे होतं. माझं मनगट सुजलं, तेव्हाही होतं. हातकणंगल्यापाठोपाठ जयसिंगपूरही हातचं जायची वेळ आली, तेव्हाही. मला इतका राग आला की डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि थांबेना. वस्ताद बिचारे दुसरीकडं बघत बसले. रागच होता तो. पण त्यात बाप जिवंत असल्याचं सुखही होतं, आणि त्या सुखाचा मला आणखी राग येत होता.

मग मी उठले. स्वयंपाकघरातून भाकरी आणली, चिमूटभर मीठ आणलं, लसणाची तिखटजाळ चटणी आणली. वस्तादांच्या समोर त्या शुद्ध, सात्त्विक, प्राणयुक्त लोण्यात मीठ आणि चटणी कालवली आणि भाकरीशी खाल्लं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा पोटभर जेवले. वस्तादांनाही वाढलं. उरलेलं वाटीत काढून घेतलं, बरणी घासूनपुसून कोरडी केली आणि त्यांच्या हातात दिली.

"मास्तरला काय सांगू?" त्यांनी विचारलं. "बरणी दिली तवापासनं इच्यारतंय, खाऊन काय म्हनती ते ध्यानात ठिवून या म्हनून."

क्षणभर मला वाटलं, खरं सांगावं. नाही सांगितलं.

"सांगा," मी म्हणाले, "अजून दाताखाली येतंय."

वस्तादांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, रिकाम्या ताटाकडं बघितलं. बरणी पिशवीत घालून उठले.

"बापावर गेलीयास पोरी," ते म्हणाले, आणि शिरोळची एसटी गाठायला निघून गेले.

मला त्याचाही राग आला. पुढच्या रविवारी बरणी पुन्हा भरून आली.